मुलगी चांगली, गातेही चांगली; स्पॅनिशमध्ये मात्र शब्द दोन!



आपल्या या भाषेच्या सदराकडे बहुतेक पत्रे इंग्रजीविषयी येतात. यावेळी एका भगिनीचे वेगळेच पत्र आले. त्या शिवणकाम करतात. त्यांची मुलगी बारावीनंतर संध्याकाळच्या वर्गात स्पॅनिश शिकते. त्या लिहितात, "मुलीच्या पेपरात लाल खुणाच खुणा आहेत आणि सगळ्या एकाच जातीच्या चुकांवर आहेत. ती म्हणते, आई, मला दोन शब्दांतला फरकच कळत नाही, मी वर्ग सोडते. मी सातवी शिकलेली बाई, तिला काय समजावू?" सोबत त्यांनी चुकांची यादीही पाठवली आहे.

ताई, यादी नीट पाहिली. तुमच्या मुलीची चूक बुद्धीची नाही, ती मराठीची आहे. जी मुलगी चोख मराठी बोलते, तिच्याच हातून ही चूक आधी होते. म्हणून वर्ग सोडण्याचे काही कारण नाही. विशेषण आणि क्रियाविशेषण यांतला फरक एकदा कळला की यातल्या बहुतेक लाल खुणा पुसल्या जातील. आज तेवढेच पाहू. ज्यांना स्पॅनिश शिकायचे नाही त्यांनीही वाचावे, कारण सुरुवात आपल्या मराठीपासूनच करायची आहे.

स्पॅनिश कशाला?

कोणी विचारील, गोरगरिबांच्या पोरांनी ही कुठली भाषा काढली? स्पॅनिश ही नुसत्या स्पेनची भाषा नाही. मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना, पेरू, चिली, क्यूबा धरून २० देशांचा कारभार या भाषेत चालतो. सुमारे ५० कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ या दोन्ही केंद्रीय विद्यापीठांत स्पॅनिशची पदवी घेता येते. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या, हे ध्यानात ठेवावे.

आणि आपल्याला परक्या भाषेचे भय कशाला? बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत ते स्वतःच्या हिमतीवर शिकले. १९२१ साली जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाकडे त्यांनी जर्मन भाषेत अर्ज लिहिला. पालीचा तर त्यांनी शब्दकोश तयार केला. महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये तो त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात छापला. अशा पुरुषाच्या लेकरांनी दोन शब्दांपुढे हार मानू नये!

आधी आपल्या घरचे व्याकरण

ही दोन वाक्ये मोठ्याने वाचा.

सुजाता चांगली मुलगी आहे.
सुजाता चांगली गाते.

दोन्हीकडे शब्द एकच, "चांगली". पण काम एक आहे काय? पहिल्या वाक्यात चांगली कोण? मुलगी. दुसऱ्यात चांगले काय? गाणे, म्हणजे गाण्याची क्रिया. सुजाता स्वभावाने भांडखोर असली तरी चांगली गाऊ शकते! पहिल्या वाक्यातला शब्द माणसाविषयी सांगतो, ते विशेषण. दुसऱ्या वाक्यातला शब्द काम कसे होते ते सांगतो, ते क्रियाविशेषण.

आता मराठीची गंमत पाहा. आपण म्हणतो, "तो चांगला गातो, ती चांगली गाते, ते चांगले गातात." शब्द गाण्याविषयी बोलतो खरा, पण गाणारा बाप्या की बाई हे पाहून रूप बदलतो. "ती हळू चालते, तो हळू चालतो" यातला "हळू" मात्र बदलत नाही. म्हणूनच आपल्या शाळेच्या व्याकरणात दोन नावे आहेत. बदलते ते क्रियाविशेषण आणि न बदलणारे ते क्रियाविशेषण अव्यय. परीक्षेसाठी हे आपण घोकले, पण त्याचा उपयोग काय ते कळले नव्हते. आज कळेल.

स्पॅनिशचा कायदा कडक आहे. माणसाविषयी किंवा वस्तूविषयी बोलणारा शब्द स्त्री-पुरुष, एक-अनेक पाहून बदलेल. कामाविषयी बोलणारा शब्द बदलणार नाही. मग करणारा कोणीही असो!

उच्चाराविषयी एक सूचना. खालचे स्पॅनिश शब्द ऐकू येतात तसे लिहिले आहेत. शब्दाच्या सुरुवातीचा "ह" तिथे लिहितात पण बोलत नाहीत. इंग्रजी वर्णमालेतल्या "जे"चा उच्चार ते "ख" च्या जवळचा करतात. त, द हे आपल्यासारखेच दंत्य आहेत, ही आपली सोय!

ब्वेनो आणि ब्येन

"ब्वेनो" म्हणजे चांगला. हे विशेषण आहे. याची चार रूपे:

लिब्रो ब्वेनो – चांगले पुस्तक (पुस्तक तिथे पुल्लिंगी)
कासा ब्वेना – चांगले घर (घर तिथे स्त्रीलिंगी)
लिब्रोस ब्वेनोस – चांगली पुस्तके
कासास ब्वेनास – चांगली घरे

"ब्येन" म्हणजे चांगले, चांगल्या रीतीने. हे क्रियाविशेषण आहे. याचे रूप एकच.

एल कांता ब्येन – तो चांगला गातो
एया कांता ब्येन – ती चांगली गाते
एयास कांतान ब्येन – त्या चांगल्या गातात

तुमच्या मुलीने लिहिले होते, "एया कांता ब्वेना". का लिहिले? तिच्या मनात मराठी वाक्य होते, "ती चांगली गाते." "चांगली" स्त्रीलिंगी, म्हणून तिने "ब्वेना" केले. मराठीच्या हिशेबाने ती शंभर टक्के बरोबर होती! लिहिताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा, "चांगले कोण, की चांगले कसे?" कोण किंवा काय असे उत्तर आले तर ब्वेनो. कसे असे उत्तर आले तर ब्येन.

एक बारीक गोष्ट. पुल्लिंगी एकवचनी नामाच्या आधी "ब्वेनो" आला तर शेवटचा "ओ" गळतो. "ऊन ब्वेन लिब्रो", एक चांगले पुस्तक. स्त्रीलिंगी असेल तर काही गळत नाही. "ऊना ब्वेना कासा", एक चांगले घर.

नमस्काराचे शब्दही इथेच शिकून घ्या. सकाळी "ब्वेनोस दीआस", दुपारी "ब्वेनास तार्देस", रात्री "ब्वेनास नोचेस". "दीआ" म्हणजे दिवस. शेवटी "आ" असला तरी तो शब्द पुल्लिंगी, म्हणून ब्वेनोस. असे काही शब्द पाठच करावे लागतात.

कोणी विचारले, "कोमो एस्तास?", म्हणजे कशी आहेस, तर उत्तर "एस्तोइ ब्येन", बरी आहे. तिथे "एस्तोइ ब्वेना" म्हटले तर ऐकणारा गालातल्या गालात हसेल. कारण त्याचा अर्थ "मी दिसायला भारी आहे" अशा वळणावर जातो. मुलींनी तर हे नीट लक्षात ठेवावे. जेवणाला मात्र तसे म्हणता येते. "ला सोपा एस्ता ब्वेना", सूप चवदार झाले आहे.

आता एक अपवाद. "खेंते" म्हणजे लोक. चांगली माणसे म्हणायचे तर "ब्वेना खेंते". पण स्पॅनिशमध्ये "खेंते ब्येन" असाही शब्द आहे. त्याचा अर्थ काय? चांगली माणसे नव्हे, तर बड्या घरची, पैशाअडक्याची माणसे! गुण सांगणारा शब्द वेगळा आणि श्रीमंती सांगणारा वेगळा. आपल्याकडे मात्र "चांगल्या घरचे स्थळ" म्हणताना गुण आणि पैसा यांची सरमिसळ होते. लग्नाच्या बोलणीत आपण नेमके कोणते "चांगले" शोधतो, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या घरी करावा.

मालो आणि माल

"मालो" म्हणजे वाईट. ब्वेनोसारखीच याची चार रूपे: मालो, माला, मालोस, मालास. "माल" म्हणजे वाईट रीतीने, चुकीचे. याचे रूप एकच. "एया ख्वेगा माल", ती वाईट खेळते. "एयोस ख्वेगान माल", ते वाईट खेळतात.

इथे घोटाळा असा की पुल्लिंगी एकवचनी नामाच्या आधी "मालो"चाही "ओ" गळतो आणि "माल" उरतो. "ऊन माल दीआ", एक वाईट दिवस. इथला "माल" दिसायला क्रियाविशेषणासारखा असला तरी ते विशेषणच आहे. ओळखायचे कसे? पुढे नाम असेल तर विशेषण. क्रियापदाला लागून एकटा असेल तर क्रियाविशेषण.

आता आई-वडिलांनी जरा इकडे लक्ष द्यावे. मुलाने गणित चुकवले. स्पॅनिशमध्ये दोन वाक्ये शक्य आहेत.

एरेस मालो – तू वाईट आहेस.
एस्ता माल – हे चुकले आहे.

पहिले वाक्य पोराला लागले, दुसरे गणिताला. गणित पुसून पुन्हा सोडवता येते. पोरगा पुसून पुन्हा कसा करणार? आपण दिवसभर राबून घरी येतो, डोके तापलेले असते आणि तोंडातून जाते, "ढ आहेस, तुझ्याच्याने काही व्हायचे नाही." आपल्या पूर्वजांना या देशाने हजारो वर्षे विशेषणेच चिकटवली. त्यांचे काम कोणी पाहिले नाही, जन्म पाहिला. तथागतांनी तर सांगितले की माणूस जन्माने हीन ठरत नाही, कृतीने ठरतो. मग तेच विशेषणाचे शिक्के आपण आपल्या लेकरांवर आपल्या हाताने कसे मारू? चूक दाखवू नका असे नाही, जरूर दाखवा. पण ती कामाची दाखवा, पोराची नको. "तू वाईट" नव्हे, "हे असे नको, असे कर."

"एस" आणि "एस्ता"

वरच्या वाक्यांत तुम्हाला "एरेस" आणि "एस्ता" अशी दोन वेगळी क्रियापदे दिसली असतील. मराठीत दोन्हींना "आहे" एवढेच म्हणतात. ढोबळ मानाने, कोण-कसा याची ओळख सांगायची तेव्हा "एस", सध्याची अवस्था सांगायची तेव्हा "एस्ता". तेच विशेषण दोन्हींबरोबर येते आणि अर्थ पालटतो.

एया एस लिस्ता – ती हुशार आहे.
एया एस्ता लिस्ता – ती तयार आहे.
ला लेचे एस्ता माला – दूध नासले आहे.

तिसऱ्या वाक्यात "माल" नाही, "माला" आहे, कारण नासले ते दूध. "लेचे", म्हणजे दूध, स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी आहे. पुन्हा तोच प्रश्न, काय की कसे?

मुइ आणि मूचो

"चांगला" या शब्दात मराठी उगाच रूप बदलते, तर "खूप" या शब्दात मराठी अगदी ढिम्म बसते.

खूप उंच, खूप काम, खूप पुस्तके, खूप राबते – सगळीकडे "खूप" तो "खूप"च!

स्पॅनिशमध्ये इथे दोन शब्द आहेत आणि त्यांची वाटणी अशी:

पहिली वाटणी. विशेषणाच्या किंवा क्रियाविशेषणाच्या आधी "मुइ". त्याचे रूप बदलत नाही. "मुइ आल्तो", खूप उंच (पुरुष). "मुइ आल्ता", खूप उंच (बाई). "मुइ ब्येन", फार छान. "मुइ तार्दे", खूप उशिरा.

दुसरी वाटणी. नामाच्या आधी "मूचो". हे विशेषण, म्हणून रूप बदलते. "मूचो त्राबाखो", खूप काम. "मूचा लेचे", खूप दूध. "मूचोस लिब्रोस", खूप पुस्तके. "मूचास कासास", खूप घरे. "मूचास ग्रास्यास", म्हणजे खूप आभार, हाही त्यातलाच. आभाराचा शब्द तिथे स्त्रीलिंगी अनेकवचनी आहे.

तिसरी वाटणी. क्रियापदाच्या मागून "मूचो". इथे ते क्रियाविशेषण, म्हणून रूप बदलत नाही. "मी माद्रे त्राबाखा मूचो", माझी आई खूप राबते. आई स्त्रीलिंगी असली तरी "मूचा" नाही.

तुमच्या मुलीने "एस्तोइ मूचा कान्सादा" असे लिहिले होते. खूप थकले आहे, असे तिला म्हणायचे होते. "कान्सादा", म्हणजे थकलेली, हे विशेषण. विशेषणाच्या आधी "मुइ". म्हणून "एस्तोइ मुइ कान्सादा". पण कोणी विचारले, "थकलीस का?" आणि एका शब्दात "खूप!" असे उत्तर द्यायचे असेल, तर "मूचो!" म्हणावे. "मुइ" बिचारा एकटा उभा राहू शकत नाही, त्याला पुढे कोणीतरी लागतेच.

दोन सूचना. "अधिक चांगला" यासाठी "मेखोर" असा शब्द आहे. "त्याहून खूपच चांगले" म्हणताना "मुइ मेखोर" नव्हे, "मूचो मेखोर" म्हणतात. आणि "मुइ मूचो" असे जोडून म्हणू नये.

"मेन्ते" म्हणजे मन

मराठीत आपण "जोर" ला "ने" लावून "जोराने" करतो, "आनंद" पासून "आनंदाने" करतो. स्पॅनिशमध्ये विशेषणाला "मेन्ते" लावून क्रियाविशेषण करतात. आधी विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप घ्यायचे, मग "मेन्ते" जोडायचे.

लेंतो – लेंता – लेंतामेन्ते (सावकाश)
रापिदो – रापिदा – रापिदामेन्ते (वेगाने)
क्लारो – क्लारा – क्लारामेन्ते (स्पष्टपणे)

"फासिल", म्हणजे सोपे, या शब्दात ओ-आ चा भेदच नाही, म्हणून सरळ "फासिलमेन्ते". दोन क्रियाविशेषणे जोडून आली तर पहिल्याचे "मेन्ते" काढून टाकतात. "लेंता ई क्लारामेन्ते", सावकाश आणि स्पष्टपणे.

स्त्रीलिंगीच रूप का घ्यायचे, हे वर्गात बहुधा सांगत नाहीत. स्पॅनिश ही लॅटिन भाषेची लेक. लॅटिनमध्ये "मेन्स" म्हणजे मन, आणि "मेन्ते" म्हणजे मनाने. हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून त्याच्या आधीचे विशेषणही स्त्रीलिंगी. "क्लारा मेन्ते", स्वच्छ मनाने. बोलता बोलता दोन शब्द चिकटले आणि "स्पष्टपणे" असा अर्थ झाला. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की लॅटिनचा "मेन्स" आणि आपला पाली-संस्कृतातला "मन" एकाच मुळातून आले आहेत!

बंधू-भगिनींनो, धम्मपदाचा आरंभच मनाच्या गोष्टीने होतो. बोलणे असो की करणे, आधी मन असते आणि जसे मन तसे फळ मागे येते, हा त्याचा आशय. हजारो कोसांवरच्या त्या भाषेत काम कसे केले हे सांगताना लोक नकळत "कशा मनाने केले" हेच सांगतात. लेंतामेन्ते म्हणताना शांत मन आठवा, नियम विसरणार नाही.

आणि न बदलणाऱ्या शब्दाचा नमुना तर आपण विहारात कितीदा म्हणतो! आर्य अष्टांगिक मार्ग आठवा. सम्मा दिट्ठि, सम्मा संकप्पो, सम्मा वाचा, सम्मा कम्मन्तो, सम्मा आजीवो, सम्मा वायामो, सम्मा सति, सम्मा समाधि. यातले दिट्ठि, वाचा आणि सति हे शब्द स्त्रीलिंगी आहेत, बाकीचे पाच पुल्लिंगी. पण "सम्मा" आठही ठिकाणी तसाच आहे! पालीत ते अव्यय आहे, "योग्य रीतीने" असा त्याचा अर्थ. पाहणे कसे, बोलणे कसे, उपजीविका कशी, हे ते सांगते. कोण माणूस, कुठल्या कुळातला, हे सांगत नाही. ज्या घरात हे आठ शब्द रोज म्हटले जातात, त्या घरातल्या मुलाला क्रियाविशेषण अव्यय परके नाही. ब्येन, माल आणि मुइ यांना "सम्मा"चे भाऊबंद समजा.

अर्धी उघडी खिडकी

आता उरलेल्या चुका भराभर पाहू.

मेद्यो – अर्धा. नामाबरोबर बदलतो. "मेद्या ओरा", अर्धा तास. पण विशेषणाच्या आधी, "अर्धवट" या अर्थाने आला तर बदलत नाही. मराठीत आपण "दार अर्धे उघडे, खिडकी अर्धी उघडी" म्हणतो. स्पॅनिशमध्ये "ला वेंताना एस्ता मेद्यो आब्येर्ता". खिडकी स्त्रीलिंगी, उघडी हा शब्द स्त्रीलिंगी, पण "मेद्यो" जिथल्या तिथे.

सोलो – याचे दोन अर्थ. "एकटा" असेल तर विशेषण. "एया एस्ता सोला", ती एकटी आहे. "फक्त" असेल तर क्रियाविशेषण, रूप एकच. पण "त्राबाखो सोलो लोस दोमिंगोस" असे एखाद्या पुरुषाने लिहिले तर? मी फक्त रविवारी काम करतो, की रविवारी एकट्याने काम करतो? दोन्ही अर्थ निघतात. म्हणून पूर्वी "फक्त" या अर्थाच्या सोलोवर एक छोटी तिरपी रेघ देत. माद्रिदची रॉयल स्पॅनिश अकादमी १७१३ पासून या भाषेची निगा राखते. तिने २०१० मध्ये सांगितले की ही रेघ आता नको. अनेक लेखकांना ते रुचले नाही. शेवटी २०२३ मध्ये अकादमीने खुलासा केला की लिहिणाऱ्याला अर्थाचा गोंधळ होईल असे वाटले तर त्याने रेघ द्यावी. पाहा, एका रेघेसाठी तिथले विद्वान १३ वर्षे वाद घालतात. मग आपल्या मुलीला चार महिन्यांत ते जमले नाही म्हणून काय बिघडले?

आल्तो, बाखो, दुरो – उंच, ठेंगणा, कठीण. माणसाविषयी असतील तर बदलतात. पण "मोठ्याने", "हळू आवाजात", "कष्टाने" या अर्थाने क्रियापदाला लागले की बदलत नाहीत. "एया एस आल्ता, पेरो आब्ला बाखो", ती उंच आहे, पण हळू आवाजात बोलते. एकाच वाक्यात दोन्ही नियम आले. "एयास त्राबाखान दुरो", त्या कष्टाने काम करतात.

जागा बदलली की अर्थ बदलला

शेवटची गोष्ट विशेषणांचीच आहे. मराठीत विशेषण सहसा नामाच्या आधी येते. स्पॅनिशमध्ये ते बहुतेक वेळा नंतर येते. पण काही विशेषणे दोन्हीकडे येतात आणि जागेप्रमाणे अर्थ बदलतात.

ऊना मुखेर ग्रांदे – अंगाने मोठी बाई.
ऊना ग्रान मुखेर – थोर स्त्री. (नामाच्या आधी एकवचनात "ग्रांदे"चे "ग्रान" होते.)

सावित्रीबाई फुले "ग्रान मुखेर" होत्या, हे सांगायला नकोच.

ऊन आमिगो व्येखो – म्हातारा मित्र.
ऊन व्येखो आमिगो – जुना मित्र. तो विशीतलाही असू शकतो!

आणि आता हे दोन पाहा.

ऊन ओंब्रे पोब्रे – गरीब माणूस, ज्याच्या खिशात पैसा नाही.
ऊन पोब्रे ओंब्रे – बिचारा माणूस, ज्याची कीव करावी असा.

शब्द तेच, फक्त जागा बदलली. पहिला शब्द परिस्थिती सांगतो, दुसरा माणसाला दयेचे पात्र करतो. आपल्या मराठीत "गरीब बिचारा" असे एका दमात म्हणून टाकतात, जणू पैसा नसला की माणूस बिचारा झालाच! आपण गिरणीत राबलो, हमाली केली, रस्ते झाडले, घरकाम केले. "ओंब्रे पोब्रे" होतो आणि अनेक घरांत आजही आहोत, ते लपवण्याचे कारण नाही. पण "पोब्रे ओंब्रे" आपण नाही. बाबासाहेबांनी आपल्याला कीव मागायला शिकवले नाही, हक्क मागायला शिकवले. स्पॅनिश शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हा एक फरक तरी कधी चुकवू नये.

सराव

कंसातला योग्य शब्द निवडा. उत्तरे खाली आहेत, पण आधी झाकून ठेवा. आईने किंवा वडिलांनी प्रश्न विचारावेत. स्पॅनिश येण्याची गरज नाही, फक्त "काय की कसे?" एवढे विचारावे.

१. एल लिब्रो एस ....... (ब्वेनो / ब्येन) – पुस्तक चांगले आहे.
२. एयास कांतान ....... (ब्वेनास / ब्येन) – त्या चांगल्या गातात.
३. एया ख्वेगा ....... (माला / माल) – ती वाईट खेळते.
४. एस्तोइ ....... कान्सादा (मुइ / मूचा) – मी खूप थकले आहे.
५. त्राबाखो ....... ओरास (मूचो / मूचास) – मी खूप तास काम करते.
६. मी माद्रे त्राबाखा ....... (मुइ / मूचो) – माझी आई खूप राबते.
७. ला प्वेर्ता एस्ता ....... आब्येर्ता (मेद्या / मेद्यो) – दार अर्धे उघडे आहे.
८. सावित्रीबाई फ्वे ऊना ....... मुखेर (ग्रांदे / ग्रान) – सावित्रीबाई थोर स्त्री होत्या.

उत्तरे: १. ब्वेनो. २. ब्येन. ३. माल. ४. मुइ. ५. मूचास. ६. मूचो. ७. मेद्यो. ८. ग्रान.

आठपैकी पाच बरोबर आली तर "ब्येन", सात आली तर "मुइ ब्येन". त्याहून कमी आली तर लेख पुन्हा एकदा "लेंतामेन्ते" वाचावा. चुकलेल्या प्रश्नावर खूण करावी, मुलावर नको.

ज्या वस्तीत विहार आहे, तिथल्या अभ्यासिकेत हा सराव फळ्यावर लिहिता आला तर उत्तम. शिका, हे बाबासाहेबांनी सांगितलेच आहे. कसे शिकायचे? तर ब्येन!

जयभीम! नमो बुद्धाय!